एवारिस्तोच्या नावानं

पुन्ता आरेनासच्या बंदर कचेरीत
रात्री दोनला वारा पत्र्याखाली बोटं घालतो
आणि मी जुन्या सर्व्हरला विचारते,
तुझ्यात कोण कोण राहतं?

खाली नावं आली. एकशे बारा.
तक्ते कालच हलवले,
जहाजं, वजनं, भरती-ओहोटी, थकलेली भाडी,
पोत्यांसारखी गेली, मुकाट.
माणसं तशी जात नाहीत.
त्यांचे हक्क बरोबर न्यावे लागतात,
नाहीतर नव्या घराच्या उंबऱ्यावरच अडतात.

इथं नुसतं नाव पुरत नाही,
नावाला चिकटून असतं, कुठून आलास ते.
गोदामातून आली ती एक यास्ना,
घरून आली ती दुसरी.
हिला खोडता येतं, तिला फक्त पाहता येतं.
माझी आई चिलोए बेटावरून आलेली.
तिलाही दोन्हीकडे वेगवेगळं ओळखायचे.

एकेकाला विचारत गेले, तुला काय काय करता येतं?
एकेकानं सनद वाचून दाखवली.
वजनकाट्यावरची इर्मा भरू शकते, खोडू शकत नाही.
पाहुणा नावाचं कुणी आहे,
त्याला काहीच नाही,
आत येऊन उभं राहायची मुभा तेवढी.
त्याचीही ओळ आहे.
काही नसण्याचीसुद्धा सनद लिहून द्यावी लागते.

जुनं यंत्र ओळ देतं, शेवटचा अर्धविराम देत नाही.
म्हणून पुढे दुसरी कमांड, मध्ये एक उभी रेघ.
पन्हळीतून पाणी जावं तशा ओळी तिच्यातून जातात
आणि टोकाला अर्धविराम घेऊन बाहेर पडतात.

पासवर्ड मला दिसत नाहीत. दिसतो त्यांचा चुरा,
चाळीस अक्षरांचा, पुन्हा दाणा न होणारा.
कुलूप आहे तसं उचलून न्यायचं,
किल्ली ज्याच्या त्याच्या डोक्यात.

सत्तेचाळिसावं नाव एवारिस्तो मान्सिया.
हक्क सगळे. वर ती शेपटी,
आपले हक्क दुसऱ्याला देण्याचाही हक्क.
माझी पहिली ओळ त्यानंच लिहिली होती
एका बोटानं, दुसऱ्या हातात मातेचा पेला.
"खोडायचं आज नाही. पुढच्या वर्षी."
पुढच्या वर्षी दिलं.
त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही त्याला
सायप्रसच्या रांगांमधून नेलं,
वाऱ्यात पेटी तिरकी होत होती.

नियम साफ आहे. गेलेल्याचं खातं न्यायचं नाही,
सगळे हक्क असलेलं तर नाहीच नाही.
गाळणी लावली, त्याचं नाव वगळून.
एकशे अकरा. एन्टर.
चूक एकही नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी यास्नाचा फोन.
"धक्क्यावरचा फलक कोरा आहे. भरतीचा आकडाच नाही.
पोर्वेनीरची बोट ताटकळलीय, कप्तान माझ्या आईचा उद्धार करतोय."

नोंदी उघडल्या.
सहाला कुणी दार ठोठावलं होतं,
एवारिस्तो, धक्क्यावरच्या यंत्रातून. प्रवेश नाकारला.
सहा वाजून एक. एवारिस्तो. प्रवेश नाकारला.
सहा वाजून दोन.

कधीतरी स्वतःच्या नावावर लावून दिलेलं
त्याचं एक बारकं काम
तीन वर्षं रोज पहाटे
फलकावर आकडा नेऊन ठेवत होतं,
आणि आम्ही कॉफी घेत तो वाचत होतो.

जुनं यंत्र अजून बंद केलं नव्हतं, नशीब.
परत गेले. त्याची ओळ काढली.
शेपटी कापली. सगळं खोडून एकच ठेवलं,
भरतीचा तक्ता वाचायचा, तोही धक्क्यावरूनच.
चुऱ्याला हात लावला नाही.
ती किल्ली आता कुणाच्या डोक्यात नाही,
धक्क्यावरच्या एका फायलीत आहे तेवढीच.
अर्धविराम या वेळी हातानं दिला.

यास्ना वाऱ्यातून काहीतरी ओरडली.
काय? मी म्हटलं.
"एक मीटर वीस," ती म्हणाली.